गिटार थेट कॉम्प्युटरला: एका छोट्या डब्यावर सुरू होणारा रेकॉर्डिंगचा जोडधंदा



गिटारची जाड पिन लॅपटॉपच्या बारीक भोकात बसवायचा कन्व्हर्टर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो. पोरं तो घेतात, लावतात आणि रेकॉर्डिंग सुरू करतात. आवाज आलाच तर येतो कसा? बसका, बारीक, मागे घूंऽऽ अशी घरघर, आणि तार छेडल्यावर क्षणभर उशिरा. मग एक जण लॅपटॉप बदलायचा विचार करतो, दुसरा भिंतीला फोम चिकटवायला घेतो, तिसरा तर स्टुडिओचं लाखाचं कोटेशन घेऊन बँकेत चौकशीला जातो. लॅपटॉप चांगला असतो, भिंतीही चांगल्या असतात. चूक त्या जोडणीत असते.

व्हिडिओत मी वायर जोडून दाखवली आहे. इथे त्यामागचं कारण, खरेदीचा क्रम आणि धंद्याचा हिशेब लिहितोय, म्हणजे सावकाश वाचता येईल आणि वहीत उतरवून घेता येईल.

"आपल्याकडे गिटार वाजवतंय कोण?"

हा पहिला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारं आपलं नेकनूर लोकांना माहीत आहे ते बंकटस्वामी महाराजांमुळे आणि आठवडी बाजारामुळे. गिटारसाठी इथं कोणी येत नाही.

पण बेंजो पार्टी माहीत नाही असा माणूस आपल्या भागात सापडेल का? लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो हवाच. हे वाद्य मूळचं जपानी घराण्यातलं. नागोया शहरात १९१२ साली तैशोगोतो नावाचं बटणांचं तारवाद्य तयार झालं. त्याचंच रूप आपल्या देशात बुलबुल तरंग म्हणून आलं आणि पुढे पिकअप बसवून, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मिरवणुकीत वाजू लागलं. २०१६ साली रवी जाधवांनी यावर 'बँजो' हा सिनेमाही केला.

आता कामाची गोष्ट. इलेक्ट्रिक बेंजोत तारांखाली जो पिकअप असतो, तो तत्त्वानं इलेक्ट्रिक गिटारचाच. ऑर्केस्ट्रातल्या बेस गिटारलाही तोच. म्हणजे गिटार कॉम्प्युटरला नीट जोडता आली की या तिन्ही वाद्यांचं काम तुम्हाला जमलं. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड तर आणखी सोपे, त्यांचा सिग्नल मुळातच दमदार असतो. हार्मोनियम, तबला, पखवाज आणि गळा यांना मात्र माइक लागतो.

कन्व्हर्टरनं काम का होत नाही?

पिकअप म्हणजे काय? लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांमध्ये थोडीशी वीज तयार होते. तीच आपली 'गिटारची वीज'. ती फार नाजूक असते.

आपल्या भागात विहिरीचं उदाहरण लगेच समजतं. झरा बारीक असलेल्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर बसवली तर काय होतं? पाच मिनिटांत विहीर तळाला जाते आणि मोटर हवा ओढायला लागते. मोटर खराब नसते, विहीरही खराब नसते, जोडी चुकलेली असते. लॅपटॉपचा माइकचा इनपुट गिटारसाठी असाच मोठा पंप आहे. त्याचा अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, काही हजार ओहमच्या घरात असतो. तो पिकअपकडून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतो. आवाजाची वरची धार आधी जाते आणि गिटार गोधडीखाली वाजवल्यासारखी ऐकू येते. गिटारला हवा असतो साधारण १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा इनपुट. तो पिकअपकडून नावापुरताच करंट घेतो आणि सिग्नल जसाच्या तसा आत येतो.

दुसरी अडचण भोकाचीच. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. साधा कन्व्हर्टर तिथे लावला की गिटार हेडफोनच्या बाजूला जोडली जाते. मग आवाजच येत नाही, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं.

खरेदी करायचा तो डबा

या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूला गिटारची ६.३५ मिलिमीटरची पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. आत येणारा सिग्नल तो आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देतो आणि परत येणारा आवाज हेडफोनला देतो. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, बेहरिंगरचा यूएम२ ही त्यातली नेहमीची छोटी नावं. कंपनी कुठलीही घ्या, दुकानात पुढच्या चार गोष्टी बघा.

१. इनपुटजवळ 'इन्स्ट', 'हाय-झेड' असं लिहिलेलं किंवा गिटारचं चित्र आहे का? नुसतं 'लाइन' लिहिलं असेल तर ते भोक कीबोर्डचं, गिटारचं नाही.

२. २४ बिट आहे का? काही स्वस्त डबे १६ बिटचे असतात. सरावाला चालतात, पण गिऱ्हाइकाच्या कामाला २४ बिट घ्या. आवाजाची पातळी थोडी खाली ठेवून निर्धास्त काम करता येतं.

३. विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो का? याचं कारण पुढे येतंय.

४. 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण आहे का? त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरची फेरी न करता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो.

एका टोकाला गिटारची पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी केबलही मिळते. सरावाला ठीक आहे, पण तिच्यावर आवाजाची पातळी कमी-जास्त करायचं बटण सहसा नसतं, त्यामुळे पैसे घेऊन करायच्या कामाला घेऊ नका. तुमच्याकडे बॉस कटानासारखा अ‍ॅम्प असेल तर त्याच्या यूएसबीतूनच रेकॉर्डिंग होतं, वेगळा डबा लागत नाही. पण प्रत्येक यूएसबीवर विश्वास ठेवू नका. काही इफेक्ट पेडलला यूएसबी असतो तो फक्त सॉफ्टवेअर अपडेट करायला, त्यातून आवाज जात नाही. विकत घ्यायच्या आधी माहितीपत्रक वाचा.

आणि एक धोक्याची सूचना. अ‍ॅम्पच्या 'स्पीकर आउट'मधून वायर काढून ती इंटरफेसला किंवा लॅपटॉपला कधीही लावू नका. ती वीज स्पीकर हलवण्यासाठी असते, डबा जळू शकतो. 'लाइन आउट' असेल तर चालतं.

जोडणीचा क्रम

१. आधी ड्रायव्हर टाका, मग डबा यूएसबीला लावा.

२. आवाजाची सगळी बटणं शून्यावर ठेवून गिटारची पिन लावा. केबल पाच-सहा मीटरच्या आतच ठेवा. लांब केबलमध्ये गिटारची धार बोथट होते.

३. 'इन्स्ट'चं बटण दाबा.

४. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून इंटरफेस निवडा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडलेला राहिला तर गिटारबरोबर पंख्याचा आवाज रेकॉर्ड होईल.

५. वाजवणाऱ्याला सगळ्यात जोरात वाजवायला सांगा. मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटला, आणि कॉम्प्युटरमध्ये असा फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

६. ट्रॅक मोनो ठेवा. गिटार एकाच वाटेनं येते, तिला स्टिरिओची गरज नाही.

सॉफ्टवेअरला सुरुवातीला पैसे नकोत. ऑडॅसिटी फुकट आहे, मॅकवर गॅरेजबँड फुकट येतं. पुढे रीपर घ्या. ते ६० दिवस वापरून बघता येतं आणि छोट्या व्यावसायिकासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. अ‍ॅम्पचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये तयार करणारे न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखे प्लगइनही फुकट मिळतात. चोरीची कॉपी मात्र टाकू नका. व्हायरसनं गिऱ्हाइकाच्या फायली गेल्या तर वाचवलेल्या पैशांपेक्षा गेलेलं नाव महाग पडतं.

रेकॉर्ड करताना गिटारचा कोरडा, कच्चा आवाज घ्या. अ‍ॅम्पचा रंग वरून चढवा. घरात ज्वारी असली की हवं तसं दळून आणता येतं, भाकरीला बारीक, कण्यांना भरड. एकदा पीठ झालं की त्याची परत ज्वारी होत नाही. कच्चा ट्रॅक जवळ असेल तर गिऱ्हाईक "जरा कडक आवाज पाहिजे" म्हणालं तरी पुन्हा वाजवायला बोलवावं लागत नाही.

अ‍ॅम्पशिवाय थेट जोडणं म्हणजे गरिबाची सोय, असंही समजू नका. बीटल्सनी १९६८ साली 'रिव्होल्यूशन' गाण्याच्या गिटारी स्टुडिओच्या मिक्सरला थेट जोडल्या होत्या. २०२० मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा बिली आयलिशचा अल्बमही मुख्यतः भावाच्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड झाला होता.

उशीर कुठून येतो?

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, बादली भरली की उचलतो. त्या बादलीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगावर बफर १२८ ठेवला तर एक बादली भरायला साधारण २.७ मिलिसेकंद लागतात. १०२४ ठेवला तर २१ पेक्षा जास्त. आत यायला एक बादली, बाहेर जायला एक, शिवाय डब्याचा स्वतःचा वेळ. म्हणजे मोठ्या बफरला उशीर ४० मिलिसेकंदांच्या वर जातो.

आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंद उशीर म्हणजे अ‍ॅम्प साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखं, ते चालून जातं. ४० म्हणजे अ‍ॅम्प साडेतेरा मीटरवर. तिथे ताल चुकतो, आणि पोरगं स्वतःलाच दोष देतं. म्हणून वाजवताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंग करताना वाढवा. विंडोजवर एवढा लहान बफर नीट चालायला एएसआयओ ड्रायव्हर लागतो.

लाइट, इन्व्हर्टर आणि घूंऽऽ

हा भाग शहरातले व्हिडिओ सांगत नाहीत, कारण त्यांची वीज आपल्यासारखी नाही. आपल्या विजेचे झोके सेकंदाला ५०. त्यातूनच ती जाड घरघर येते. गिटारचा पिकअप चुंबक आणि तार यांचा बनलेला असल्यामुळे आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, ट्यूबलाइटच्या चोकची, मोबाइल चार्जरची गडबड तो ओढून घेतो.

उपाय एकेक करून बघा. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. निम्म्या वेळा घरघर इथेच थांबते. गिटार घेऊन बसल्या जागी हळूहळू वळा, एका दिशेला आवाज कमी होईल, तिथे बसा. ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइल बंद करा किंवा लांब ठेवा. स्वस्त, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइट चालू असेल तर आवाजात खरखर येते, तेव्हा लाइट येईपर्यंत एडिटिंग करा, रेकॉर्डिंग नको. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडायला सांगितली तर ऐकू नका. गिटारच्या तारा वाजवणाऱ्याच्या हातात असतात, आणि त्या धातूच्या असतात.

आता हिशेब

खालचे आकडे मी हिशेब शिकवायला धरलेत. बाजारभाव हलतो, चौकशी करून तुमचे आकडे भरा. लॅपटॉप घरात आहे असं समजू.

इंटरफेस ६,००० रुपये, बंद कानाचा हेडफोन ३,०००, दोन चांगल्या केबल १,०००. झाले १०,०००. एवढ्यावर गिटार, बेंजो, बेस, कीबोर्ड यांचं काम सुरू होतं. पुढे माइक आणि स्टँड ५,०००, पॉप फिल्टर ५००, सॉफ्टवेअर ५,५००. एकूण २१,०००.

एका ट्रॅकचे ७०० रुपये घेतले आणि लाइट, डेटा, चहापाणी मिळून १०० गेले तर उरतात ६००. १०,००० रुपये १७ ट्रॅकमध्ये निघतात, २१,००० ला ३५ ट्रॅक लागतात. आठवड्याला एकच काम मिळालं तर पहिला आकडा चार महिन्यांचा आणि दुसरा आठ महिन्यांचा. म्हणून आधी १०,००० चं सामान घ्या. माइक पहिल्या कमाईतून येऊ द्या.

आता यात दडलेला खर्च बघा, तो म्हणजे तुमचा वेळ. एका ट्रॅकला ३ तास गेले तर तासाला २०० सुटतात. "अजून एकदा करू", "जरा असं करून बघा" यात ६ तास गेले तर १०० च उरतात, आणि नंतरचं गिऱ्हाईक दारात ताटकळतं. ओळखीच्या गावात नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून नियम आधीच कागदावर लिहा: दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मी रक्कम आधी. भाव कमी करून गिऱ्हाईक टिकवण्यापेक्षा नियम सांगून टिकवलेलं बरं.

एवढ्यासाठी कर्ज काढू नका. मुद्रा योजनेत शिशु गटाला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं हे खरं, पण ते काम वाढल्यावर बघू. उद्यम नोंदणी मात्र करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते त्याच्या खिशात जातात.

काम कुठून येणार?

पहिलं, गावातलं. बेंजो पार्टीला सुपारी घ्यायला स्वतःचा नमुना लागतो. मिरवणुकीत मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत ढोल सोडून काही ऐकू येत नाही. त्यांना दोन मिनिटांचा स्वच्छ नमुना करून द्या. माइक आला की भजनी मंडळं, शाळेचं स्नेहसंमेलन, बाजाराच्या दिवशी रिक्षावर फिरणारी दुकानाची जाहिरात ही कामं जोडली जातात.

दुसरं, बाहेरगावचं. पुण्यात बसलेल्या संगीत संयोजकाला फक्त गिटारचा एक ट्रॅक हवा असेल तर तो नेकनूरहूनही पाठवता येतो. २४ बिट, ४८,००० च्या मोनो वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. चार मिनिटांचं गाणं ३५ एमबी, मोबाइल डेटावर सहज जातं. फक्त पाठवायची रीत पाळा. गाण्याचा वेग आणि पट्टी आधी विचारा, क्लिक ऐकत वाजवा, फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच काढा म्हणजे समोरच्याला ती जागेवर बसवावी लागणार नाही. कोरडा आणि रंगवलेला असे दोन्ही ट्रॅक द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक काळजी. सिनेमातलं गाणं गिटारवर वाजवून चॅनलवर टाकायचं असेल तर त्या गाण्याचे हक्क दुसऱ्याचे आहेत. परवानगीची जबाबदारी कोणाची, हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. आणि त्याचं रेकॉर्डिंग स्वतःची जाहिरात म्हणून वापरायचं असेल तर आधी त्याला विचारा. कलावंताचा आवाज तुमच्याकडे ठेव म्हणून असतो.

म्हणूनच प्रत्येक काम दोन ठिकाणी साठवा, लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या वादकांचं वाजवणं कुठेच नोंदलेलं नाही. उद्या एखाद्या घरातली माणसं "आबांचा बेंजो आहे का हो तुमच्याकडे?" म्हणून येतील. ती फाइल तुमच्याकडे निघाली तर त्या घराशी तुमचं नातं दरपत्रकाच्या पलीकडचं होतं.

या आठवड्याचं काम

सामान घ्यायच्या आधी एक कागद घ्या. तुमच्या गावातले आणि शेजारच्या चार गावांतले गिटार, बेंजो, बेस, कीबोर्ड वाजवणारे लिहा. त्यातल्या पाच जणांना भेटा आणि तीनच प्रश्न विचारा: रेकॉर्डिंग लागलं तर सध्या कुठे जाता? जाण्या-येण्यासकट किती खर्च होतो? इथंच झालं तर किती द्याल? पाचांपैकी दोघांनी निम्मी रक्कम आधी द्यायची तयारी दाखवली तर डबा मागवा. कोणीच दाखवली नाही तर १०,००० रुपये वाचले असं समजा, आणि तोच कागद घेऊन शेजारच्या बाजारगावी जा.